पाच मिनिटं, विनोद न करता

पैज मीच लावली. आमच्या इमारतीत रिकामे उद्योग काढायला दुसरं कोणी मोकळं नसतं.

सलूनच्या पायरीवर आम्ही चौघं बसलो होतो. सलूनवाला, तिसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर, मी आणि टाचणीताई. टाचणीताई दुसऱ्या मजल्यावर कपडे उसवून-जोडून देते. कुणाची कंबर सैल कर, कुणाची बाही आखूड कर, कुणाची चेन बदल. तोंडात कायम चार टाचण्या धरलेल्या, म्हणून हे नाव. ठेवलं मीच. इमारतीतल्या सगळ्यांची बारशी मीच केलीत.

"मास्तर, लिहून घ्या," मी म्हटलं. "पुस्तकाची एजंट 'पूर्ण लिखाण पाठवा' म्हणेल ती आधी मला म्हणेल. टाचणीताईंना नंतर. म्हटलंच तर."

टाचणीताई तेव्हा सलूनवाल्याच्या एप्रनला पट्टी लावत होती. तोंडात टाचण्या, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. ती नुसतं "हं" म्हणाली.

"कबूल झालं!" मास्तर उठून उभेच राहिले. "आता हरणाऱ्याने काय करायचं?"

"चहा," सलूनवाला म्हणाला.

"चहा कोणीही पाजतो रे," मास्तर म्हणाले. "हरणाऱ्याने रविवारी सकाळी अकरा वाजता इथे सलूनसमोर खुर्चीवर उभं राहायचं, आणि जिंकणाऱ्याच्या लिखाणाची मोठ्या आवाजात पाच मिनिटं स्तुती करायची. विनोद न करता. विनोद केला की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून."

ही अट कोणाला डोळ्यासमोर ठेवून घातली ते कुत्र्यालाही कळलं असतं. पण मला वाटलं, हरणार कोण? टाचणीताई. मग माझं काय जातंय!

एजंट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण माझ्या बायकोला अजून वाटतं की ती बाई विमा विकते. मोठे प्रकाशक कोणाचंही पुस्तक असं दारावर आलं म्हणून घेत नाहीत. मध्ये एजंट लागते. ती तुमचं लिखाण वाचते, आवडलं तर तुम्हाला आपल्या नावाखाली घेते आणि प्रकाशकाकडे तुमच्या वतीने भांडते. ही जी एजंटबाई होती, ती फक्त कागदावरचं वाचायची. पहिली तीस पानं आणि एका पानाचं पत्र. एकदा ती वाचनालयात बोलायला आली होती. म्हणाली, "दुसऱ्यांचं वाचत जा. एकट्याने लिहिलेलं पुस्तक मला लांबून ओळखू येतं." मी मागच्या रांगेतून सलूनवाल्याच्या कानात म्हटलं, "बाई नजर लागेल इतकी हुशार आहे. दुसऱ्यांचं वाचत बसलो तर आपलं कधी लिहायचं?"

मी लिफ्टवाला. लिफ्ट चालवत नाही, दुरुस्त करतो. सत्तावीस वर्षं. त्यातली अकरा वर्षं मी एक कादंबरी लिहितोय. तीन पिढ्या, सातशे पानं. सतरा एजंटांनी नाही म्हटलंय, त्यातल्या चौघांनी तेवढेही कष्ट घेतलेले नाहीत. आणि आमचं मंगळवार मंडळसुद्धा मीच सुरू केलं. मंगळवारी सलूनला सुट्टी असते, तर सलूनवाला शटर अर्धं वर करतो आणि आम्ही दाढीच्या खुर्च्यांवर बसून एकमेकांना वाचून दाखवतो. समोर आरसा असतो. वाचताना स्वतःचं तोंड दिसतं, त्यामुळे कोणी फार ताणत नाही. मास्तर कविता करतात. सलूनवाला रहस्यकथा लिहितो, प्रत्येकीत खून वस्तऱ्याने होतो. वाचून झालं की पानं खाकी पाकिटात घालून फिरवायची, आणि ज्याच्याकडे जातील त्याने समासात आपलं म्हणणं लिहून परत द्यायचं. पाकिटांचा गठ्ठासुद्धा मीच आणलेला, सगळी एकसारखी. हे लक्षात असू द्या. माझ्या नाही राहिलं.

टाचणीताईला मंडळात मीच बोलावलं. आठ महिन्यांपूर्वी. म्हटलं, चार टाळ्या वाढतील.

पहिल्याच मंगळवारी तिने टाचण्या काढून बाहीला लावल्या, एक घडी घातलेला कागद उलगडला आणि वाचलं: "माप घेताना माणूस श्वास आत ओढतो, आणि मग तो कपडा त्याला आयुष्यभर खोटं पाडत राहतो."

सलूनमध्ये कोणी हललं नाही. मास्तरांनी चष्मा काढला. मी जोरात ओरडलो, "चला, पोटं आत घ्या!" सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन रात्रीचं जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "ॲसिडिटी." मी म्हटलं, "हो." ॲसिडिटीला नाव काय, गाव काय, कुठल्या मजल्यावर राहते, ते सांगितलं नाही.

त्यानंतर दर मंगळवारी तेच. ती माप द्यायला आलेल्या माणसांच्या गोष्टी लिहायची. दोन्ही हात पसरून उभा राहिलेला माणूस काय काय बोलून जातो, त्याच्या. एक गोष्ट चार पानांची. मी चार पानांत एका पिढीची मुंजसुद्धा आटपत नाही. आणि वर ती इतरांची पानं घरी न्यायची, संध्याकाळची शिलाई बाजूला ठेवून वाचायची, टेलरिंगच्या निळ्या खडूने समासात लिहायची. मास्तर म्हणायचे, "लिफ्टवाले, त्या खडूने माझ्या कवितेचं ओझं उतरवलं हो." सलूनवाल्याने तिच्या सांगण्यावरून एक खून चक्क विषाने केला. माझ्या पहिल्या तीस पानांचं पाकीटही तिने परत दिलं, चिकटवून. मी ते उघडलं नाही. बाहीवाल्या बाईकडून कादंबरी शिकायची इतका काही मी गेलेला नव्हतो. कपाटावर टाकलं.

पैजेनंतर तिसऱ्या आठवड्यात सलूनवाला सहज बोलून गेला, "ताई सोमवारी एजंटबाईंना पाठवणार म्हणे."

माझी नुसती धावपळ. शनिवार होता, कुरिअर दुपारी बंद होतं. पत्र तयार होतं, पानं तयार होती, पाकीट तयार होतं. कपाटावरून ओढलं, पत्र बाहेरच्या प्लास्टिकमध्ये सरकवलं, पत्ता डकवला आणि शेवटच्या पाच मिनिटांत काउंटरवर आपटलं. येताना पायरीवर टाचणीताई दिसली. मी शीळ वाजवत गेलो.

तिने सोमवारी काही पाठवलं नाहीच. मास्तरांच्या कविता तिच्याकडे राहिल्या होत्या, त्या आधी पुऱ्या केल्या.

पाच आठवड्यांनी माझं पार्सल परत आलं, सोबत पत्र. मी ते लिफ्टच्या मोटर रूममध्ये उघडलं. ती गच्चीवर असते आणि किल्ली फक्त माझ्याकडे.

एजंटबाईने लिहिलं होतं: "आपलं लिखाण मला घेता येणार नाही. कारणं समासात आलेलीच आहेत, माझी त्याहून वेगळी नाहीत. वीस वर्षं हे काम करते, पण अशा नोंदी वाचल्या नव्हत्या. दोनदा वाचल्या. निळ्या खडूने लिहिणारी व्यक्ती स्वतःही लिहीत असेल, तर तिला पूर्ण लिखाण पाठवायला सांगा. महिनाअखेरनंतर मी या वर्षी नवीन कोणाला घेणार नाही."

पाकीट उलटं केलं. माझी पानं, आणि पानापानावर निळा खडू. कोऱ्या प्रतीचं तसलंच पाकीट कपाटावर राहिलं होतं. मी टाचणीताईने चिकटवलेलं पाकीट पाठवलं होतं!

मग तिथेच मोटरवर बसून मी पहिल्यांदा वाचलं.

पहिल्या पानावर: "अकरा पानं उसवा. माणूस बाराव्या पानावर आत येतो." चौथ्यावर: "हा खिसा नुसता दाखवायचा आहे, आत हात जात नाही." सातव्यावर, जिथे माझी नायिका दीड पान रडते: "धागा दिसतोय." सव्विसाव्यावर: "इथे माया सोडा, पुढे हा माणूस फुगणार आहे." शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात त्याला माया म्हणतात, नंतर उसवून सैल करता येतं. आणि तो माणूस पुढे खरंच फुगतो हो! चारशेव्या पानावर. तिने तीसच पानं वाचली होती, आणि तिला आधीच कळलं होतं.

मला शिव्या द्यायला एकसुद्धा चुकीची नोंद सापडेना. तिसाव्या पानापर्यंत शोधली.

महिना संपायला बारा दिवस होते. मी पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवलं.

मला वाईट म्हणायच्या आधी एवढं समजून घ्या. अकरा वर्षं मी एका एजंटच्या पत्राची वाट पाहिली होती. ते आलं, माझ्या नावाने आलं, आणि त्यात माझ्याशी बोलायचं सोडून तिने विचारलं, तुमच्या शेजारी कोण राहतं? लग्नाच्या पत्रिकेवर नाव माझं आणि बोहल्यावर शेजारीण. पहिल्या दिवशी मी म्हटलं, उद्या देऊ. दुसऱ्या दिवशी म्हटलं, नाहीतरी पाठवायला तिची तयारी नाही. तिसऱ्या दिवशी कारण शोधायचंही सोडलं. रोज दोन-तीनदा गच्चीवर जायचं, पत्र उघडायचं, वाचायचं, घडी घालायची.

"तुम्हाला बरं नाही का?" बायकोने पाचव्या दिवशी कपाळाला हात लावला. "आठवडा होत आला, कोणाची खोड काढली नाहीत. काल मास्तर लिफ्टमध्ये होते आणि तुम्ही ती थांबवलीसुद्धा नाहीत. मला विचारत होते, मी काही बोललो का त्यांना?"

"वय झालं."

"इश्श. वय व्हायला आधी मोठं व्हावं लागतं." ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "कोणाचं तरी चांगलं झालंय. हो ना? तुमचा चेहरा असा तेव्हाच होतो. माझ्या भावाने गाडी घेतली तेव्हा झाला होता."

बायको ही जात एजंटपेक्षा वाईट. पहिलं पान बघूनच नाही म्हणते.

पुढच्या मंगळवारी सलूनमध्ये टाचणीताईने सलूनवाल्याला त्याची पानं परत दिली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. आरशात आम्ही दोघं दिसत होतो. मी आरशात बघायचं टाळलं.

"भाऊजी, माझं वाचलंत का हो? खडूने लिहिलेलं?"

"वाचतोय. हळूहळू."

"राग नाही ना आला? अकरा पानं काढा म्हटलं म्हणून? पण बाराव्यापासून काय लिहिलंत! ते दोघं भाऊ लिफ्टमध्ये अडकतात, आठ वर्षं अबोला, आणि पहिलं वाक्य काय तर 'तुझी चप्पल माझ्या पायावर आहे.' मी माझ्या बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती रडली, मग तिने मला परत वाचायला लावलं."

अकरा वर्षांत माझं पान कोणी दुसऱ्याला फोनवर वाचून दाखवलं नव्हतं. माझ्या बायकोने तर मलाही तिला वाचून दाखवू दिलं नाही.

"तुमचं कधी पाठवताय?" मी विचारलं.

"या वर्षी नाही जमायचं. मास्तरांचा संग्रह लावून द्यायचाय, याचा विषाचा खून अजून पचत नाही. आणि तुमची पुढची पानं आहेतच. सगळ्यांचं होऊ दे, मग माझं बघू. पैज तुम्हीच जिंका हो, मला खुर्चीवर चढायची हौसच आहे."

मास्तर हसले, सलूनवाला हसला. महिना संपायला चार दिवस. खिशातलं पत्र मांडीला टोचत होतं. टाचण्या हिच्या तोंडात आणि टोचतायत मला!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये शिरली. मी मागोमाग शिरलो. पहिला मजला गेला, आणि मी आतल्या पॅनेलला किल्ली फिरवली. लिफ्ट मध्येच थांबली.

"भाऊजी, सकाळी सकाळी चेष्टा नको. गिऱ्हाईक येऊन बसेल."

मी पत्र पुढे केलं आणि दरवाज्याकडे तोंड करून उभा राहिलो. लिफ्ट थांबवली ती त्यासाठीच. घरी दिलं असतं तर शेजारी आले असते, सलूनमध्ये दिलं असतं तर आरसा होता. इथे निदान माझं तोंड कोणी बघणार नव्हतं.

मागे कागद उलगडल्याचा आवाज. मग पिशवी खाली ठेवल्याचा आवाज.

"हे पत्र कधी आलं?"

"परवा. टपाल हल्ली फार..."

"भाऊजी." ती मोठ्याने बोलली नाही. "घडीवर कागद फाटायला आलाय. एवढी मोडायला वीस-पंचवीस वेळा उघडावा लागतो. घडीतलं मला सांगू नका."

दरवाज्याच्या फटीतून दोन मजल्यांमधली भिंत दिसत होती, तिच्याकडे बघत राहिलो.

"नऊ दिवस," मी म्हटलं. "सोमवारी आलं. मागच्या."

"मग आज का दिलंत?"

"तुमची बहीण रडली म्हणून."

तिला हसू आलं नाही. मलाही येणार नव्हतं. तिने पत्र पुन्हा वाचलं, या वेळी पुटपुटत, 'दोनदा वाचल्या' तिथे थांबली. मी चोरून मागे पाहिलं. तिचा हात तोंडाशी गेला होता, टाचण्या चाचपायला, आणि तोंडात टाचण्या नव्हत्या.

"मला राग आलाय," ती म्हणाली. "तो वेगळा राहू दे. तो काही आज फिटायचा नाही. पण तीन दिवसांत अठरा गोष्टी कोण टाइप करणार? माझ्या तर सगळ्या हाताने लिहिलेल्या आहेत."

"मी करतो."

"तुम्ही?"

"सातशे पानं टाइप केलीत मी. तीनदा. आणि कुठे हात लावणार नाही, शप्पथ."

"लावा," ती म्हणाली. "खडू देते. मंडळाचा नियम तुम्हीच केलाय ना? आणि आता लिफ्ट चालू करा."

तीन दिवस आणि तीन संध्याकाळी मी टाचणीताईच्या गोष्टी टाइप केल्या. ज्याच्या पोटात दुखतं त्याला याहून मोठी शिक्षा कोणी काढलेली नाही. दुसऱ्याचं चांगलं वाक्य नुसतं वाचलं तर सुटून जाता येतं. टाइप करताना एकेक अक्षर स्वतःच्या बोटांनी मारावं लागतं. अठरा गोष्टींत मी खडूने सात जागी लिहिलं. पाच तिने ऐकल्या. शनिवारी दुपारी पार्सल त्याच दिवशी पोचवायच्या बोलीवर कुरिअरला दिलं, या वेळी पाकीट तिने स्वतः उघडून आत बघितलं, माझ्या देखत.

रविवारी अकराला सलूनसमोर निम्मी इमारत जमली होती. बातमी मास्तरांनी जिन्यातल्या फळ्यावर लावली होती, सुवाच्य अक्षरात. सलूनवाल्याने एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडलं आणि लाकडी खुर्ची बाहेर आणली. बायको पहिल्या मजल्याच्या गॅलरीत. टाचणीताई पायरीवर, मांडीवर कुणाची तरी विजार, हातात सुई.

मी चढलो. मास्तरांनी घड्याळ धरलं. "सुरू."

"मंडळी, टाचणीताईंचं लिखाण इतकं मापात असतं की वाचता वाचता माझी विजारच आपोआप..."

"पहिल्यापासून!"

दुसऱ्यांदा वीस सेकंद टिकलो. तिसऱ्यांदा एक मिनिट दहा, मग समोरच्या अर्ध्या दाढीवाल्याकडे लक्ष गेलं आणि तोंडातून निघून गेलं, "तिच्या गोष्टी यांच्यासारख्या अर्धवट नसतात." गर्दी खिदळली. तो माणूस सुद्धा.

"पहिल्यापासून," मास्तर म्हणाले. "मला काय, मी जेवूनच आलोय."

चौथ्यांदा मी गर्दीकडे बघितलंच नाही.

"हिचं एक वाक्य आहे," मी म्हटलं. "माप घेताना माणूस श्वास आत ओढतो, आणि मग तो कपडा त्याला आयुष्यभर खोटं पाडत राहतो. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मध्येच ओरडलो. सगळ्यांना हसवलं. कारण तसं वाक्य मला अकरा वर्षांत सुचलं नव्हतं, आणि ते तसंच शांततेत राहिलं असतं तर तुम्हा सगळ्यांना ते कळलं असतं. मी जळतो हिच्यावर. हिला पत्र आलं, ते मी नऊ दिवस लपवलं. आत्ता इथे उभा आहे तर आत्ताही जळतोय."

लोक मोठ्याने हसले. मी काहीही म्हटलं की हसायचं, ही सवय मीच लावलेली. मास्तरांनी हात वर केला.

"मास्तर, घड्याळ चालू राहू दे," पायरीवरून टाचणीताई म्हणाली. "हा विनोद नाही."

मास्तरांनी हात खाली घेतला. हसणं जिथे होतं तिथे हळूहळू थांबलं. गॅलरीत बायको सरळ उभी राहिली.

मग मी सांगितलं. सलूनवाल्याचा वस्तरा तिने कसा काढून घेतला. मास्तरांच्या कवितेतल्या कुठल्या चार ओळी तिने खोडल्या आणि उरलेल्या कशा उभ्या राहिल्या. तिच्या गोष्टीतला म्हातारा मेलेल्या बायकोचा कोट स्वतःच्या मापाचा करून मागतो, आणि ही शिलाईबाई त्याला दुसरं काही न विचारता फक्त एवढंच विचारते, "खिसे ठेवू का?" ते टाइप करताना मी दोनदा उठून पाणी प्यायलो, हेही सांगितलं. अर्ध्या दाढीवाल्याच्या गालावरचा फेस वाळून गेला होता. तो आत जाईना.

"पाच मिनिटं झाली," मास्तर म्हणाले. "उतरा."

"अहो उतरा आता, झालं!" वरून बायको.

"थांबा," मी म्हटलं, "तिच्या तिसऱ्या गोष्टीचं राहिलंय." आणि दातओठ खात, एकही शब्द खोटा न बोलता, पुढे सुरू केलं.